पलंगाखालचे ठोकळे

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी हार्म सायकलच्या पुढच्या पेटीत चार लाकडी ठोकळे घालून माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. "मास्तर, हे तुमच्या शेडमध्ये राहू देत," म्हणाला. "घरात नकोत म्हणते ती."

ठोकळे ओकचे होते, त्यानंच तासलेले. प्रत्येकाला वर पलंगाचा पाय बसेल अशी खोबण होती. आमच्याकडे बाळंतपण घरी होवो नाही तर इस्पितळात, नंतर आठवडाभर परिचारिका घरी येऊन बाळाचं आणि आईचं सगळं बघते. वाकून वाकून तिची कंबर जाऊ नये म्हणून पलंग ठोकळ्यांवर उंच करून ठेवावा लागतो, आणि तो करायचा सदतिसावा आठवडा लागल्यावर. त्यामुळे गावात अमकीचा पलंग चढला असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. बाळ आता केव्हाही येवो, ते वेळेवर आलेलं असणार.

दोन वर्षांपूर्वी हार्मनं घाई केली होती. सहाव्या महिन्यातच ठोकळे करून झाले, आणि झालेच आहेत तर लावून बघू म्हणून त्यानं पलंग चढवलाही. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला, गेस्केला, कळा सुरू झाल्या. बाळाचं नाव इडो. तो दोन दिवस जगला. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. जळजळ होत होती, पण शाळेत प्रगतिपुस्तकांचे दिवस म्हणून गेस्केनं ती अंगावर काढली होती. त्यात तिच्या सिगरेटी. यातलं नेमकं कशानं झालं हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं, पण ठोकळ्यांनी झालं नाही एवढं नक्की. हे गेस्केला पटत होतं. फक्त ते ठोकळे तिला डोळ्यांसमोर नको होते.

आता ती पुन्हा गरोदर होती.

"या खेपेला चढेल ना मास्तर, पलंग?" सायकल वळवता वळवता हार्मनं विचारलं.

"मी ठोकळे कोरडे ठेवतो," मी म्हटलं. "तू तिला हसती ठेव. बाकीचं डॉक्टर बघतील."

दोघेही माझे विद्यार्थी. हार्म शेवटच्या बाकावर बसून सुरीनं पेन्सिली तासायचा, म्हणून पुढे सुतार झाला असं मी त्याला चिडवतो. गेस्के आज माझ्याच जुन्या वर्गात सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवते. मी निवृत्त झालो तरी मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत जातो आणि वाचताना अडखळणाऱ्या मुलांना एकेक करून खिडकीपाशी घेऊन बसतो. खिडकीतून समुद्राचा बांध दिसतो आणि त्याच्या उतारावर चरणाऱ्या मेंढ्या. एखाद्याचं अक्षर अडलं की मी मेंढ्यांकडे बघत बसतो. तेवढ्यात ते सुटतं.

नोव्हेंबरात गेस्केनं मुलांना स्वतःच सांगितलं. आमच्याकडे अशा गोष्टी मुलांपासून लपवत नाहीत. लपवल्या तर ती आपल्या मनानं काहीतरी भलतंच रचतात. टाम्मोनं लगेच हात वर केला. टाम्मो मेंढपाळाच्या घरातला, त्याला बाळंतपणातलं आपल्यालाच सगळं कळतं असं वाटतं. तो म्हणाला, "मग बाई, आता सायकल स्टँडच्या मागे जायचं नाही."

 सायकल स्टँडच्या मागे बाई काय करतात हे फक्त मुख्याध्यापकांना माहीत नव्हतं.

"सोडली," गेस्के म्हणाली. "केव्हाच सोडली."

"म्हणून तुम्ही आमच्या पेन्सिली चावता होय?"

गेस्के इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण खरंच होतं ते. सिगरेट सुटली होती आणि हात-तोंड मोकळे पडले होते. दुसऱ्या दिवशी हिल्कानं घरून एक ज्येष्ठमधाची काडी आणली. तिच्या बाबांनी काड्या चघळूनच सिगरेट सोडली होती. हिल्का फार कमी बोलते. ती पुढे गेली, काडी टेबलावर ठेवली आणि परत जागेवर येऊन बसली.

मग काय, चढाओढच लागली. औषधांच्या दुकानात काड्यांच्या पुड्या मिळतात. मुलं खाऊच्या पैशांतून त्या आणू लागली. टेबलावर बरणी आली, बरणीवर फुलं रंगवली गेली. बाईंनी आज कुणाची काडी घेतली यावरून मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची. गेस्के फळ्यावर गणित लिहिताना काडी कानामागे खोचायची, लिहून झालं की परत तोंडात. कॉफी सोडल्यामुळे शिक्षकांच्या खोलीत ती झाडपाल्याचा गोड चहा प्यायची, किटलीच्या किटली. चेहऱ्यावर तेज आलं होतं. गाव म्हणत होतं, वाईट नाही. आमच्या गावात याच्या वरची स्तुती नाही.

गेस्के आपल्याकडून काहीच कमी करत नव्हती. दर पंधरवड्याला शहरातल्या इस्पितळात जायची. तिथे गर्भाशयाचं तोंड नीट मिटलेलं आहे ना, आखूड होत नाही ना, हे यंत्रावर बघत. ते मिटलेलं राहायला मदत व्हावी म्हणून रोज झोपताना घ्यायचं औषध दिलं होतं. जरा जळजळ वाटली की लघवी तपासून घ्यायची. दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली, कारण हिरड्या सुजल्या तर तेही बरं नाही असं तिनं वाचलं होतं. आणि ड्रॉप, म्हणजे आमच्या त्या काळ्या खारट गोळ्या, ज्यांच्याशिवाय या देशात कुणाचा दिवस जात नाही, त्या तिनं पहिल्या महिन्यातच बंद केल्या. गरोदर बाईनं ड्रॉप खाऊ नये हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. हार्मच्या आईनं नाताळला डबा पुढे केला तर तिनं तो बंद करून परत दिला.

जानेवारीत एकदा हिल्का माझ्यासमोर वाचायला बसली आणि पहिल्याच ओळीवर थांबली. शब्द सोपा होता. मी मेंढ्यांकडे बघितलं. तिनं पुस्तकावरचा हात काढला नाही, पण विचारलं, "मास्तर, इडो लवकर का आला?"

चर्चच्या आवारात इडोचा छोटा दगड आहे, त्यापाशी कागदी भिंगरी आहे. मुलं जाता-येता ती फुंकतात.

मी पुस्तक मिटलं. टाम्मोचं वाचन व्हायचं होतं, तोही खुर्ची ओढून आला. मी त्यांना सांगितलं की बाळ पोटात एका पिशवीत असतं, आणि पिशवीचं तोंड खाली घट्ट मिटलेलं असतं. बाळ पुरतं तयार झालं की ते तोंड उघडतं. कधीकधी आधीच उघडतं. आत जंतू शिरले तर. पिशवीत दोन बाळं असली आणि जागा पुरेनाशी झाली तर. आई सिगरेट ओढत असली तर बाळापर्यंत रक्त नीट पोचत नाही. पहिल्या बाळानंतर दुसरं फार लगेच राहिलं, तरी शरीराला उसंत मिळालेली नसते. आणि पुष्कळदा सगळं व्यवस्थित असूनही होतं, आणि डॉक्टरांनाही कारण सापडत नाही.

"मेंढीला कुत्र्यानं पळवलं तरी कोकरू लवकर पडतं," टाम्मो म्हणाला. "आणि एक रोग येतो, त्यानंपण. बाबा म्हणतात, पोटुशी बाईनं व्यायला आलेल्या मेंढीजवळ जायचं नाही. तो रोग तिला लागतो."

"बरोबर सांगतात तुझे बाबा."

"मी बाईंना सांगतो, मार्चमध्ये आमच्याकडे यायचं नाही."

हिल्काचं समाधान झालं नव्हतं. तिनं विचारलं की मग लवकर येऊ नये म्हणून काय करायचं. मी म्हटलं, बाळाची आई करतेच आहे की. तपासायला जाते, जळजळ झाली तर लपवत नाही, सिगरेट सोडली. हिल्कानं मान हलवली आणि म्हणाली, "काडीमुळे." मग तिनं पुस्तक उघडून ती ओळ न अडता वाचली.

मार्च लागला. बांधावर कोकरं दिसू लागली. गेस्केचे पाय सुजले, बुटांच्या नाड्या बांधता येईनात. तिचं डोकं दुखायचं, पायात गोळे यायचे, जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. गरोदरपणात असं होतंच, असं सगळ्या बायका म्हणत होत्या. पण या वेळी ती अंगावर काढायला तयार नव्हती. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, तरी तिनं फोन करून सांगितलं. आज या, म्हणाले. रक्तदाब फार वाढला होता. त्यांनी तिला ठेवूनच घेतलं.

संध्याकाळी हार्म माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, कोट न काढता. मी वाटाण्याचं सूप गरम केलं. त्याचा चमचा वाडग्यात नुसता फिरत राहिला. डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं होतं. गर्भाशयाचं तोंड उत्तम आहे, जंतुसंसर्ग नाही, बाळ चांगलं आहे, त्याला यायची काहीच घाई नाही. पण आईचा दाब असाच चढत राहिला तर आईसाठीच बाळाला बाहेर काढावं लागेल. गोळ्या सुरू केल्या आहेत, त्यांनी दाब जेमतेम हलतोय. बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून इंजेक्शनंही दिली आहेत, वेळ आलीच तर असावीत.

"मागच्या वेळी तो स्वतः आला, मास्तर," हार्म म्हणाला. "या वेळी हे बिचारं शहाण्यासारखं बसलंय, आणि आम्हीच त्याला ओढून काढणार."

निघताना तो शेडच्या दाराशी थांबला. मला वाटलं, ठोकळे घेऊन चुलीत घालतोय की काय. पण त्यानं आत नुसतं डोकावून बघितलं आणि गेला.

बदली शिक्षक मिळेनात, म्हणून तो आठवडा वर्ग मीच घेतला. मुलांना खरं तेवढं सांगितलं. त्यांनी चित्रं काढली आणि हिल्कानं बरणीतल्या सगळ्या काड्या काढून लाल फितीनं त्यांची जुडी बांधली. ती माझ्या हातात देताना म्हणाली, "तिथे सिगरेटची आठवण येईल त्यांना."

बुधवारी दुपारी शाळा नसते. मी बस धरून शहरात गेलो. गेस्के उशांना टेकून बसली होती, डोळ्यांखाली सूज. चित्रं बघताना तिचा चेहरा खुलला. टाम्मोनं मेंढी काढली होती आणि तिच्यापुढे फुली मारली होती. मग तिनं जुडी सोडली, एक काडी काढली आणि सवयीनं तोंडात धरली.

"चार दिवस झाले चघळून," म्हणाली. "कालपासून दाब जरासा उतरलाय, तर बक्षीस म्हणून घेते."

तेवढ्यात डॉक्टर आल्या. विर्समा त्यांचं नाव, उंच बाई, बोलणं तुटक. त्यांनी दाब बघितला, कागद चाळले. त्यांना काहीतरी जुळत नव्हतं. गरोदरपणातला जो दाब वाढण्याचा आजार असतो त्यात लघवीतून प्रथिनं जातात, ती जात नव्हती. उलट रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं होतं. ते का, हे त्या दोन दिवस शोधत होत्या.

"तुम्हाला विचारलंय ना, ड्रॉप खाता का म्हणून?"

"विचारलंय. सप्टेंबरपासून एकही नाही खाल्ली," गेस्के काडी गालात सरकवून म्हणाली.

डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मग ते काय आहे?"

"हे? काडी आहे. ज्येष्ठमध. माझी मुलं आणतात."

"हं. आणि ड्रॉप कशाचा करतात?"

 गेस्केनं काडी हळूच तोंडातून काढली आणि दोन बोटांत धरून, जणू पहिल्यांदाच बघतेय अशी तिच्याकडे बघू लागली.

"ज्येष्ठमधाचा," ती म्हणाली.

"रोज किती?"

"मोजल्या नाहीत. दिवसभर असतेच तोंडात."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या एकदम खूप मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. त्यांनी समजावलं की ज्येष्ठमधातला जो गोडवा असतो तो अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, दाब चढवतो आणि पोटॅशियम खाली नेतो. एखादी काडी कुणाला मारत नाही. पण रोज, महिनोन्‌महिने, आणि पोटात बाळ असताना, तर बाळ लवकर येण्याची भीती वाढते. त्यांनी चहाचंही विचारलं. गेस्केनं उशाजवळच्या पिशवीतून चहाचं खोकं काढून दिलं. पहिलंच नाव ज्येष्ठमधाचं होतं.

"मी ड्रॉप सोडला," गेस्के म्हणाली, "आणि त्याचं लाकूड चघळत बसले."

"हे लगेच अंगातून जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन-तीन आठवडे लागतील, आणि दाबाला हे एकच कारण आहे असं मी आज सांगणार नाही. पण वाट बघण्यासारखं काहीतरी आता माझ्या हातात आहे."

त्या गेल्यावर गेस्के रडली, मग हसली, मग एकदम गंभीर झाली. "मास्तर, हिल्काला नका सांगू," म्हणाली. "ती मनाला लावून घेईल. जुडी मिळाली, आवडली, एवढंच सांगा."

परत येताना बसमध्ये मी त्यावर विचार करत बसलो. पण गाव लहान आहे. हार्मच्या आईला कळलं की औषधांच्या दुकानात कळणार, आणि तिथून ते हिल्काला कुणाच्या तरी तोंडून अर्धवट कळणार. मी उतरल्यावर गेस्केला फोन केला आणि म्हटलं, मीच सांगतो, नीट सांगतो.  ती म्हणाली, "तुम्ही मला भागाकार शिकवलात, म्हणजे हेही जमेल."

दुसऱ्या दिवशी मी रिकामी बरणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काडी कशाची असते, ती अंगात काय करते, मोठ्या माणसांच्याही कसं लक्षात आलं नाही. टाम्मो म्हणाला की त्याला आधीच संशय होता. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, सगळे हिल्काकडे बघत होते. ती बरणीकडे बघत होती.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

मी तिच्या बाकासमोर जाऊन उकिडवा बसलो. माझ्या वयात ते सोपं नाही, मुलांना माहीत आहे. "तुझ्या काडीमुळे बाईंची सिगरेट सुटली," मी म्हटलं. "ते आधी लक्षात ठेव. सिगरेट बाळाला फार वाईट, आणि ती सोडणं फार कठीण. तुझी काडी ओंडक्यासारखी होती, ओढा ओलांडायला टाकलेली. पलीकडे गेल्यावर ओंडका कुणी खांद्यावर घेऊन फिरत नाही. बाई तो घेऊन फिरल्या, आणि उतरवा असं सांगायचं आम्हा मोठ्यांना सुचलं नाही. आता उतरवलाय."

 हिल्कानं विचारलं, "आता त्या काय चघळणार?"

हा प्रश्न वर्गाला आवडला. एकानं सफरचंद सुचवलं. आणखी कुणी पेन्सिली. शेवटी गाजरावर एकमत झालं, कारण आमच्या चिकण मातीतली गाजरं सगळ्यांच्याच घरी होती. शुक्रवारी मी बसमधून गाजरांची पिशवी नेली. शेजारच्या बाईनं विचारलं, घरी ससा आहे का म्हणून. आहे म्हटलं.

दाब लगेच उतरला नाही. एक दिवस खाली, दोन दिवस जागेवर, परत जरासा वर. हार्म रोज संध्याकाळी आकडा सांगून जायचा आणि मी सूप वाढायचो. हळूहळू तो सूप संपवू लागला. पोटॅशियम वर आलं, पायांची सूज ओसरली, गोळ्या कमी केल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेस्के घरी आली. शाळा नाही, आराम, आठवड्यातून दोनदा तपासणी. मुलं तिच्या खिडकीखालून जाताना गाजर दाखवून, खाताय ना असं विचारायची, आणि ती आतून आपलं गाजर वर करून दाखवायची. फुलं रंगवलेल्या बरणीत हिल्कानं आता रंगीत पेन्सिली ठेवल्या होत्या.

मे महिन्यात एका सकाळी शेडचं दार वाजलं. मी बाहेर आलो तर हार्म ठोकळे सायकलच्या पेटीत ठेवत होता.

"हिनं पाठवलंय," म्हणाला. "म्हणते, मास्तरांनापण घेऊन ये, एक कोपरा त्यांनी धरायचा."

गेस्के खोलीच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती. हार्मनं आणि मी पलंग एकेका बाजूनं उचलला, आणि ठोकळे तिनं स्वतः पायानं सरकवले, एकेक करून, खोबणीत नीट बसेपर्यंत. मग ती दोन पावलं मागे गेली. पलंग तिच्या कमरेइतका आला होता.

"यावर चढायचं कसं मी?" ती म्हणाली.

"तेवढं एक स्टूल करायचं राहिलंय," हार्म म्हणाला.

स्टूल व्हायच्या आत वेम्के आली. मुलगी, इस्पितळात, कुणीही घाई न करता, रडली तर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. आमच्याकडे बाळ झालं की कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेप पेरून वाटतात, मुलगी असली तर गुलाबी-पांढरी. हार्म ताटं भरून वर्गात घेऊन आला. सगळ्यांनी एकदम तोंडं भरली. हिल्कानं मात्र आपला टोस्ट नाकाशी नेला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"बडीशेप आहे," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

"नक्की?"

हार्मनं खिशातून खोकं काढून तिच्यापुढे धरलं. तिनं त्यावरची बारीक अक्षरं बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कुठेही अडखळली नाही. मग टोस्टचा मोठा घास घेतला, आणि गुलाबी दाणे तिच्या बाकावर सांडले.